पाणीपट्टी व मलनिःसारण आकार (महाराष्ट्र)

पाणीपट्टी म्हणजे नळाद्वारे किंवा सार्वजनिक उद्भवातून पुरविलेल्या पाण्याबद्दल स्थानिक स्वराज्य संस्थेने कुटुंबे, व्यावसायिक व संस्था यांच्याकडून वसूल केलेली रक्कम होय. सांडपाणी वाहून नेणे व त्यावर प्रक्रिया करणे यांसाठी घेतल्या जाणाऱ्या रकमेस मलनिःसारण आकार किंवा मलनिःसारण कर असे म्हणतात. महाराष्ट्रात या दोन्हींचे दर ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका आपापल्या अधिनियमांनुसार ठरवितात. संपूर्ण राज्यासाठी एकच दरपत्रक नाही. दर किती असावा, तो केव्हा वाढवावा आणि घरगुती व व्यावसायिक ग्राहकांत त्याची विभागणी कशी करावी, हे प्रश्न आर्थिक जितके आहेत तितकेच राजकीयही आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकालसारख्या खारपाणपट्ट्यातील गावांत त्यांना आणखी एक बाजू आहे. तेथे नळाचे पाणी बंद झाल्यास घरच्या विहिरीकडे वळण्याचा मार्ग बहुधा उपलब्ध नसतो.

संज्ञा

‘पट्टी’ हा शब्द मराठी महसुली परिभाषेत जुना असून ठरावीक कारणासाठी बसविलेली वर्गणी किंवा कर असा त्याचा अर्थ आहे. ग्रामीण भागात पाणीपट्टी हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पाटबंधारे विभाग कालव्याच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांकडून घेतो ती सिंचनाची पाणीपट्टी, आणि ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद घेते ती पिण्याच्या पाण्याची. प्रस्तुत लेख दुसऱ्या अर्थाविषयी आहे.

कायद्याच्या दृष्टीने कर आणि आकार यांत भेद आहे. कर हा मालमत्तेवर बसतो व पाणी किती वापरले यावर तो अवलंबून नसतो. आकार हा दिलेल्या सेवेचा मोबदला असतो. मुंबईत हा भेद स्पष्ट दिसतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार मालमत्ता करात जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर व मलनिःसारण लाभ कर यांचा समावेश होतो. जेथे पाणी मीटरने मोजून दिले जाते तेथे जल कराऐवजी जल आकार आणि मलनिःसारण कराऐवजी मलनिःसारण आकार घेतला जातो. ग्रामपंचायतींच्या बाबतीत सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी असे दोन प्रकार आहेत. सार्वजनिक विहीर, हातपंप किंवा सार्वजनिक नळ यांचा लाभ मिळणाऱ्या घरांवर सामान्य, तर घरात खासगी नळजोडणी घेणाऱ्यांवर विशेष पाणीपट्टी आकारली जाते. बोलीभाषेत मात्र या सर्वांना सरसकट ‘नळाचे बिल’ किंवा ‘नळपट्टी’ म्हटले जाते.

वरवट बकाल व खारपाणपट्टा

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील गाव आहे. हा तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या दक्षिणेस आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या काठचा गाळाचा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातील ९३२ गावे खारपाणपट्ट्यातील म्हणून समाविष्ट करण्यात आली, यावरून समस्येच्या विस्ताराची कल्पना येते. येथील भूजलात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण जास्त असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंत ते चालवून घेता येते. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढतो. या भागातील मूत्रपिंडाच्या विकारांचा पाण्याशी असलेला संबंध हा अनेक वर्षे चर्चेचा विषय आहे.

सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल तुलनेने गोडे आहे. दक्षिणेकडे पूर्णेजवळ जावे तसे ते खारट होत जाते. त्यामुळे पट्ट्यातील गावांना पाणी डोंगराकडून नळाने आणावे लागते. अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील वान प्रकल्प (हनुमान सागर) हा या भागाचा प्रमुख आधार आहे. जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठीची ‘१४० गावे’ पाणीपुरवठा योजना आणि अकोट व तेल्हारा तालुक्यांतील ‘८४ खेडी’ योजना या वानवर आधारलेल्या आहेत. वऱ्हाडात अशा योजना त्यांच्या गावांच्या संख्येवरूनच ओळखल्या जातात. काटेपूर्णा प्रकल्पावरील अकोला जिल्ह्यातील ‘६४ खेडी’ योजना हे आणखी एक उदाहरण होय.

यांना प्रादेशिक योजना म्हणतात. एकाच जलशुद्धीकरण केंद्रातून अनेक गावांच्या टाक्यांत पाणी पोहोचते आणि तेथून पुढचे वितरण ग्रामपंचायत करते. याचा परिणाम पाणीपट्टीवर थेट होतो. स्वतःची विहीर असलेली ग्रामपंचायत आपला खर्च बऱ्याच अंशी स्वतः ठरवू शकते. प्रादेशिक योजनेवरील ग्रामपंचायतीला योजना चालविणाऱ्या यंत्रणेने आकारलेला ठोक दर द्यावा लागतो आणि त्यावर गावातील वितरणाचा खर्च चढतो. शिवाय शेजारच्या गावांनी पैसे थकविले तर त्याची झळ नियमित भरणा करणाऱ्या गावालाही बसते, कारण योजनेची वीज तोडली गेली की सर्वच टाक्या कोरड्या पडतात.

दर ठरविण्याचा अधिकार

भारतीय संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींचा, तर बाराव्या अनुसूचीत घरगुती, औद्योगिक व व्यापारी प्रयोजनांसाठी पाणीपुरवठा हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नमूद आहे. महाराष्ट्रात हा अधिकार वेगवेगळ्या अधिनियमांत विभागलेला आहे. शेगावहून संग्रामपूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला त्यांपैकी तीन व्यवस्था एकाच वाटेवर भेटतात. शेगाव येथे नगरपरिषद, संग्रामपूर येथे नगरपंचायत आणि वरवट बकाल येथे ग्रामपंचायत आहे.

ग्रामपंचायतीचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम (१९५९ चा ३) याच्या कलम १२४ मधून येतो. हा अधिनियम १९५८ चा अधिनियम म्हणूनच सामान्यतः उल्लेखिला जातो. आकारणीची कार्यपद्धती महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० मध्ये दिली आहे. नवा कर बसवायचा किंवा असलेला वाढवायचा असल्यास ग्रामपंचायतीने ठराव करून तो जाहीर करावा, हरकती मागवाव्यात, आलेल्या हरकतींचा विचार करावा आणि नंतर अंतिम ठराव करावा, असा हा क्रम आहे. आकारणीची नोंद नमुना ८ मध्ये, मागणीची नमुना ९ मध्ये होते आणि भरणा केल्यावर नमुना १० ची पावती मिळते. ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन आपल्या घराची नमुना ८ मधील नोंद पाहता येते. पाणीपट्टीविषयीच्या बऱ्याच तक्रारी प्रत्यक्षात या नोंदीतील चुकांच्या असतात. जोडणी बंद केली तरी नोंद तशीच राहिलेली असते, किंवा वाटणी होऊन दोन घरे झाली तरी मागणी एकाच नावावर निघते.

नगरपरिषदा व नगरपंचायतींना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. मुंबई वगळता अन्य महानगरपालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९) लागू होतो. त्याच्या कलम ९९ नुसार पुढील आर्थिक वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावे लागतात. पाणीपट्टी वाढीच्या बातम्या दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीतच येतात त्याचे कारण हे आहे.

काही शहरांत पाणीपुरवठा स्वतः महानगरपालिका करीत नाही. अमरावती शहराचा पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. ही संस्था १९७६ च्या अधिनियमाने महाराष्ट्र पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ म्हणून अस्तित्वात आली आणि १९९७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. अशा ठिकाणी ग्राहकाचे देयक प्राधिकरणाकडून येते व दरही प्राधिकरणाचा असतो.

धरणातील पाण्याचा ठोक दर

नळाला येणारे पाणी धरणातून घेतले असेल तर स्थानिक संस्थेला त्याचे मूल्य जलसंपदा विभागास द्यावे लागते. हा ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरविते. २००५ च्या अधिनियमाने स्थापन झालेले हे प्राधिकरण देशातील अशा प्रकारचे पहिले होय. दर तीन वर्षांनी दरांचा आढावा घ्यावा अशी तरतूद अधिनियमात आहे. प्रत्यक्षात पहिला आदेश २०११ मध्ये, त्यानंतरचे २०१८ व २०२२ मध्ये निघाले. दर ठरविताना सिंचन, घरगुती व औद्योगिक असे तीन मुख्य वर्ग मानले जातात आणि घरगुती वर्गात ग्रामपंचायतीचा दर महानगरपालिकेच्या दरापेक्षा कमी ठेवला जातो. या दरातून प्रकल्पांच्या देखभाल-दुरुस्तीचा व व्यवस्थापनाचा खर्च निघावा अशी अपेक्षा असते. धरण बांधण्याचा भांडवली खर्च त्यात धरला जात नाही. याच अधिनियमात दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्या व्यक्तीस शेतीसाठीच्या पाण्याचा दर दीडपट लावण्याची तरतूद आहे. पाणीदराच्या कायद्यात कुटुंबनियोजन कसे आले, असा प्रश्न अभ्यासकांना आजही पडतो. पिण्याच्या पाण्याशी मात्र या तरतुदीचा संबंध नाही.

खर्चाचा हिशेब

पाणीपट्टीतून सामान्यतः योजना चालविण्याचा खर्च भागविला जातो, उभारणीचा नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्यात भांडवली खर्चाचा भार केंद्र व राज्य निम्मा निम्मा उचलतात. गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी (डोंगराळ, वनक्षेत्रातील तसेच अनुसूचित जाती-जमातीबहुल गावांत ५ टक्के) अपेक्षित आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित असून तिचा अर्धा भाग पाण्यासाठी व अर्धा स्वच्छतेसाठी आहे. नळ घरापर्यंत आणणे अनुदानातून होते. नंतरच्या वीस-तीस वर्षांचा पंप, वीज, तुरटी, क्लोरीन, गळती दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार हा खर्च गावाचा असतो.

हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. एका ग्रामपंचायतीत १,२०० नळजोडण्या आहेत. वर्षाचा खर्च वीज ६ लाख रुपये, कर्मचारी ५ लाख, दुरुस्ती ४ लाख, ठोक पाणी २ लाख आणि शुद्धीकरण १ लाख, असा एकूण १८ लाख रुपये आहे. जोडणीमागे वर्षाला १,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १२५ रुपये येतात. पाच जणांच्या कुटुंबाने मिशनच्या निकषानुसार माणशी रोज ५५ लिटर पाणी वापरले तर वर्षाला सुमारे १ लाख लिटर, म्हणजे १०० घनमीटर पाणी लागते. दर पडला घनमीटरला १५ रुपये.

आता प्रत्यक्षात ६० टक्केच वसुली झाली असे धरू. जमा १० लाख ८० हजार, तूट ७ लाख २० हजार. ही तूट दरवाढीने भरून काढायची तर पैसे भरणाऱ्या ७२० कुटुंबांवर वर्षाला २,५०० रुपयांचा दर लावावा लागेल. नियमित भरणाऱ्याने न भरणाऱ्याचे १,००० रुपये द्यायचे असा त्याचा अर्थ होतो, आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातील काही जण भरणे थांबवितात. म्हणून कोणतीही ग्रामपंचायत हा मार्ग सहसा स्वीकारत नाही. ती दर आहे तसा ठेवते, विजेचे देयक थकविते, पंप बिघडला की वर्गणी काढते आणि पाणी चार-आठ दिवसांआड सोडते. पाणी अनियमित झाल्यावर लोक म्हणतात, पाणीच येत नाही तर पट्टी कशाची? हा प्रश्न रास्त आहे, पण त्यामुळे वसुली आणखी घटते. अनेक ग्रामीण नळयोजना या फेऱ्यात सापडून बंद पडतात. त्यांचा उद्भव आटल्यामुळे बंद पडणाऱ्या योजना वेगळ्या.

खारपाणपट्ट्यात या हिशेबाला आणखी एक आकडा जोडावा लागतो. नळ बंद असताना किंवा नळाच्या पाण्यावर विश्वास नसताना कुटुंबे शुद्ध पाण्याचे जार विकत घेतात. २० लिटरच्या जारला १० रुपये धरले तर घनमीटरला ५०० रुपये पडतात, म्हणजे वरील नळदराच्या तेहेतीस पट. रोज एक जार घेणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला ३,६५० रुपये जातात. हे पैसे रोज थोडे थोडे व रोख जात असल्याने जाणवत नाहीत. १,५०० रुपयांची पट्टी एकदम येते म्हणून जड वाटते. ज्यांना जारही परवडत नाही ती कुटुंबे खारे पाणी पितात किंवा दुरून पाणी आणतात आणि ते काम घरातील स्त्रिया व मुली यांच्याकडे येते. दर कमी ठेवल्याने गरिबांचे भले होते हे गृहीतक या ठिकाणी तपासून पाहावे लागते.

घरगुती व व्यावसायिक दर

बहुतेक संस्था घरगुती वापराचा दर कमी व व्यावसायिक वापराचा जास्त ठेवतात. यास परस्पर-अनुदान म्हणता येईल. दोन तत्त्वे त्यामागे असतात. पाणी ही घराची जगण्याची गरज आहे, तर व्यवसायाला त्यापासून उत्पन्न मिळते. आणि व्यावसायिकाला हा खर्च मालाच्या किमतीत घालता येतो.

मुंबईतील दर या बाबतीत बोलके आहेत. १६ जून २०२२ पासून लागू झालेल्या ७.१२ टक्के वाढीनंतर घनमीटरमागील दर झोपडपट्ट्यांसाठी ४.७६ रुपये, निवासी इमारतींसाठी ६.३६ रुपये, व्यावसायिक आस्थापनांसाठी ४७.७५ रुपये, उद्योगांसाठी ६३.६५ रुपये, रेसकोर्स व तारांकित हॉटेलांसाठी ९५.४९ रुपये आणि बाटलीबंद पाणी व शीतपेये बनविणाऱ्यांसाठी १३२.६४ रुपये असा होता. निवासी दर १ मानला तर झोपडपट्टी पाऊण, व्यावसायिक साडेसात, उद्योग १० आणि तारांकित हॉटेल १५ असे हे प्रमाण येते. मुंबईसारख्या शहरात हे शक्य होते, कारण मोठे व्यावसायिक ग्राहक पुष्कळ आहेत.

लहान गावात तसे नसते. बाजाराच्या गावात हॉटेल, वाहने धुण्याची केंद्रे, मंगल कार्यालय, एखादी जिनिंग आणि शुद्ध पाण्याचे जार भरणारे प्रकल्प एवढेच मोठे ग्राहक असतात. त्यांचा दर दहापट केला तरी जमा फारशी वाढत नाही. दर फार वाढला तर ते कूपनलिका घेतात किंवा टँकर मागवितात. खारपाणपट्ट्यात कूपनलिकेचे पाणी हॉटेलच्या स्वयंपाकाला चालत नाही, पण वाहने धुण्यास चालते. त्यामुळे सर्व व्यावसायिकांना एकच दर लावण्याऐवजी वापराच्या प्रकारानुसार दर ठरविणे अधिक योग्य ठरते. घरातच पिठाची गिरणी, खानावळ किंवा शिलाईकाम असेल तर जोडणी घरगुती मानावी की व्यावसायिक, हा वादही नेहमीचा आहे. साधा निकष असा की व्यवसायासाठी पाणी स्वतंत्रपणे लागते का हे पाहावे. गिरणीला ते लागत नाही, खानावळीला लागते.

मीटर व सरसकट आकारणी

दर ठरविण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. सरसकट पद्धतीत जोडणीच्या आकारानुसार (अर्धा इंच, पाऊण इंच इत्यादी) किंवा मालमत्तेच्या मूल्यानुसार वर्षाची ठरावीक रक्कम घेतात. पुण्यात घरगुती पाणीपट्टी दीर्घकाळ मिळकतीच्या वार्षिक करपात्र रकमेच्या टप्प्यांवर आधारलेली राहिली आहे. या पद्धतीत खर्च कमी व हिशेब सोपा असतो, परंतु अंगणात सडा घालणारा आणि हंडाभर पाणी भरणारा यांना सारखीच पट्टी पडते. वाहत्या नळाला तोटी न बसविण्याची सवय याच पद्धतीत टिकते.

मीटर पद्धतीत वापरानुसार आकारणी होते. बहुधा पहिल्या टप्प्याचा दर कमी व पुढील टप्प्यांचा वाढत जाणारा असतो. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरने (बुलढाणा जिल्ह्यातील याच नावाच्या शहराशी याची गल्लत करू नये) २००९ च्या सुमारास सर्व जोडण्यांना मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठा व टप्प्याटप्प्याने वाढणारा दर लागू केला. लहान नागरी संस्थेनेही हे करता येते याचे ते राज्यातील सर्वांत परिचित उदाहरण आहे. तेथे आधी अखंड पाणी मिळाले, मग मोजणी मान्य झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

याउलट पाणी दिवसाआड येत असेल तर मीटर नीट चालत नाहीत. रिकाम्या नळातील हवा पाण्याआधी बाहेर पडते आणि मीटर तिच्यावरही फिरतो. दाब कमी असल्याने लोक टिल्लू पंप लावतात व शेवटच्या टोकाच्या घरांचे पाणी तुटते. क्षारयुक्त पाण्यात मीटरमध्ये थर साचून तो अडकतो. अशा ठिकाणी घरोघरी मीटर बसविण्याआधी गावाच्या टाकीवर एक मोठा मीटर बसवून एकूण किती पाणी येते व किती हिशेबात येते हे पाहणे उपयुक्त असते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००८ च्या सेवा मानकांनुसार शहरांत महसूल न देणारे पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे, देखभाल खर्चाची १०० टक्के भरपाई व्हावी आणि चालू मागणीची ९० टक्के वसुली व्हावी अशी अपेक्षा आहे. ग्रामपंचायतींना ही मानके लागू नाहीत, तथापि गळती बंद करणे ही दर न वाढवता केलेली दरवाढ आहे हे तत्त्व त्यांनाही तितकेच लागू पडते.

दरवाढीच्या पद्धती

अनेक वर्षे दर तसाच ठेवून नंतर तो एकदम दुप्पट करणे ही सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वादग्रस्त पद्धत होय. निवडणूक जवळ आली की वाढ पुढे ढकलली जाते; दरम्यान विजेचे दर व पगार वाढतच असतात. हे टाळण्यासाठी काही महानगरपालिकांनी वाढीचे सूत्र आधीच ठरवून ठेवले. मुंबईत २०१२ च्या धोरणानुसार दरवर्षी ८ टक्क्यांच्या मर्यादेत वाढ करण्याचा अधिकार प्रशासनास मिळाला. नागपूरने २००९ च्या उपविधींत दरवर्षी ५ टक्के वाढीची तरतूद केली. पुण्यात २०१६ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी प्रारंभीची काही वर्षे १५ टक्के व त्यानंतर २०४७ पर्यंत ५ टक्के असे दीर्घ मुदतीचे वेळापत्रक मंजूर झाले.

सूत्र असले तरी ते आपोआप अमलात येतेच असे नाही. मुंबईतील २०२२ ची वाढ झाली तेव्हा महानगरपालिकेची मुदत संपून प्रशासक नियुक्त झालेले होते. लोकनियुक्त सभागृह नसताना दरवाढ सोपी होते. पण त्या वाढीबद्दल उत्तर देण्यास मतदारांसमोर कोणी उभे राहत नाही, हा तिच्यातील दोष आहे. ग्रामसभेत खर्चाचा ताळेबंद मांडून केलेली वाढ अधिक टिकते असा अनुभव अनेक गावांत आला आहे.

भारतात व बाहेरही काही ठिकाणी मूलभूत गरजेपुरते पाणी विनामूल्य देण्याचे धोरण आहे. दक्षिण आफ्रिकेत २००१ पासून कुटुंबास महिन्याला ६ घनमीटर, तर दिल्लीत मीटर असलेल्या घरगुती जोडणीस महिन्याला २० घनमीटर पाणी विनामूल्य देण्याचे धोरण राबविले गेले. दोन्ही ठिकाणी मोजणीची व्यवस्था आणि तूट भरून काढणारा दुसरा निधी या गोष्टी गृहीत आहेत.

वसुली

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ नुसार आधी देयक, मग मागणी लेख आणि त्यानंतर जप्ती असा वसुलीचा क्रम आहे. जप्ती क्वचितच केली जाते. थकबाकीची प्रकरणे लोकअदालतीत ठेवून तडजोड करण्याकडे कल असतो. नळजोडणी तोडणे हा उपाय प्रभावी असला तरी पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तो संवेदनशील ठरतो, आणि खारपाणपट्ट्यात तर पर्यायच नसल्याने तो टाळला जातो.

प्रत्यक्षात वसुली घडवून आणणारी आणखी एक तरतूद आहे. कलम १४ नुसार ग्रामपंचायतीचा कर किंवा फी, देयक बजावल्यानंतर तीन महिन्यांत न भरणारी व्यक्ती ग्रामपंचायत सदस्य होण्यास किंवा राहण्यास अपात्र ठरते. त्यामुळे निवडणुकीआधी इच्छुक उमेदवार आपल्या सर्व थकबाक्या भरून टाकतात, आणि निवडून आल्यानंतर पाणीपट्टी न भरल्याने सदस्यत्व गमावल्याची प्रकरणेही जिल्हाधिकाऱ्यांपुढे येत असतात.

थकबाकीवरील दंड माफ करणाऱ्या अभय योजनांनी तात्पुरती जमा वाढते. मात्र त्या वरचेवर जाहीर झाल्या तर पुढील योजनेची वाट पाहणे फायद्याचे ठरते. उलट दिशेचा प्रयोग छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने केला. तेथे सर्व कर वेळेवर भरणाऱ्या कुटुंबांना धान्य मोफत दळून देण्यात येऊ लागले. भास्करराव पेरे पाटील यांच्या काळातील हा उपक्रम राज्यभर चर्चिला गेला.

सांडपाणी

घरात आलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी सांडपाणी म्हणून बाहेर पडते. म्हणून मलनिःसारण आकार वेगळा न मोजता पाण्याच्या आकाराच्या टक्केवारीत घेण्याची पद्धत आहे; मुंबईत तो जल आकाराच्या ७० टक्के आहे. ज्यांच्याकडे स्वतःची कूपनलिका आहे पण सांडपाणी सार्वजनिक वाहिनीत जाते, अशा व्यावसायिकांच्या बाबतीत ही पद्धत अपुरी पडते, कारण त्यांच्या पाण्याची नोंदच नसते.

नगरपंचायती व ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात भूमिगत मलवाहिन्या सहसा नसतात. शौचालयांना शोषखड्डे किंवा सेप्टिक टाक्या असतात, आणि न्हाणीघर व स्वयंपाकघरातील पाणी उघड्या गटारांतून नाल्याकडे जाते. टाकी भरल्यावर उपसण्याचा खर्च ज्याचा त्याला करावा लागतो. उपसलेला मैला कोठे टाकला गेला हे मात्र कोणी विचारत नाही. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास ठरावीक वेळापत्रकाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, प्रत्येक टाकी उपसून मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची व्यवस्था सुरू केली. मालकाने बोलावल्यावर एकरकमी पैसे घेण्याऐवजी हा खर्च करांतून भागविला जातो. मलवाहिनी नसलेल्या गावात मलनिःसारण आकाराचे स्वरूप काय असू शकते, याचे हे उदाहरण आहे.

नळाचे पाणी वाढले की गटारातील पाणीही वाढते. संग्रामपूर तालुक्यासारख्या भागात, जेथे काळी चिकणमाती पाणी मुरू देत नाही, तेथे साधा शोषखड्डा लवकर तुंबतो. दर ठरविताना ग्रामपंचायती सहसा फक्त पाणी आणण्याचा खर्च धरतात. गटार दुरुस्ती व गाळ काढणे हा खर्च सामान्य निधीतून होतो. तो पाणीपट्टीत धरावा की पंधराव्या वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठीच्या बंधित अनुदानातून भागवावा, हे सध्या प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या आराखड्यात स्वतंत्रपणे ठरविते.